आम्ही तुर्कस्तानचे काळे

आमचं आडनाव काळे आणि मी रंगानं काळा. यात कुणाला आवर्जून सांगावं असं काही नाही, पण आयुष्यात भेटलेल्या प्रत्येक माणसाला हा योगायोग आपल्यालाच पहिल्यांदा दिसला असं वाटत आलंय. माण तालुक्यातल्या आमच्या शाळेत मास्तरांनी पहिल्या दिवशी हजेरीत माझं आडनाव वाचलं, मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय, दिसतंय." वर्ग हसला, मीही हसलो. मग कॉलेजात, नोकरीत, बँकेच्या खिडकीवर, थेट बोहल्यावरसुद्धा कुणी ना कुणी ते म्हणत गेलं आणि मी हसत गेलो. पुढं पुढं तर समोरच्यानं तोंड उघडायच्या आत माझे दात बाहेर यायचे. ते पांढरेशुभ्र आहेत, हेही लोक लगेच सांगतातच.

बायको सांगलीची, लख्ख गोरी. लग्न ठरताना तिच्या मावशीनं माझी बाजू घेतली ती "रंगाचं सोडा, पण परमनंट आहे" अशा शब्दांत, हे मला लग्नानंतर कळलं. परमनंट मात्र मी खराच होतो. विश्रामबागेतल्या एका कॉलेजात भूगोल शिकवत राहिलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पोरं मला मागून काय म्हणायची ते सांगत नाही. तुम्हाला सुचलंच असेल.

मुलगी एकुलती एक, आणि ती सरळ माझ्यावर गेली. बाळ बघायला आलेल्या बायका पाळण्यात डोकवायच्या, जरा थांबायच्या आणि म्हणायच्या, "नाकीडोळी नीटस आहे हो." काळ्या पोरीबद्दल आपल्याकडं एवढंच बोलायची पद्धत आहे. बायकोनं तिला डाळीचं पीठ आणि साय लावून लावून घासली. पीठ संपलं, साय संपली, पोरगी होती तशीच राहिली. ती मोठी झाल्यावर एकदा मी स्थळं बघायचं मनावर घेतलं आणि तिच्या माहितीत वर्ण 'गव्हाळ' असा लिहिला. तिनं ते वाचलं आणि विचारलं, "पप्पा, हा असला गहू कुठल्या गावात पिकतो?" मी भूगोलाचा माणूस, पण मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्तीनंतर प्रत्येकाला काही ना काही लागतं. कुणाला देव लागतो, कुणाला शेअर बाजार. मला फोन लागला. एका दुपारी जेवून लोळता लोळता मी सहज स्वतःचं आडनाव इंग्रजीत टाकून बघितलं. के, ए, एल, ई. आधी एक पालेभाजी आली. कुरळ्या पानांची, केल नावाची. परदेशात तिचा रस काढून पितात म्हणे. म्हटलं, घ्या, आता भाजी व्हायचं तेवढं राहिलं होतं. पण खाली सरकत गेलो तर आडनावांची माहिती देणारी एक साइट उघडली. तिथं लिहिलं होतं, हे आडनाव तुर्की आहे आणि त्याचा अर्थ आहे किल्ला.

मी उठून बसलो. चष्मा पुसून परत वाचलं. किल्लाच होता. तुर्की भाषेत 'काले' म्हणजे गड, कोट, किल्ला. आपला 'किल्ला' आणि त्यांचा 'काले' दोन्ही एकाच अरबी शब्दाची लेकरं. बुद्धिबळातल्या आपल्या हत्तीला तिकडं काले म्हणतात आणि फुटबॉलच्या गोललाही कालेच म्हणतात. हे शेवटचं मी सोडून दिलं. ज्यात सगळ्यांनी येऊन चेंडू मारायचा, त्याचा अभिमान काय बाळगणार? पण किल्ला! इतकी वर्षं लोक मला रंगावरून हाक मारतायत असं मी समजत होतो आणि खरं तर ते मला किल्ला म्हणत होते.

त्या साइटवर जगाचा एक नकाशाही होता. हे आडनाव कुठं किती सापडतं ते त्यात रंगानं दाखवलं होतं. महाराष्ट्र गडद, तुर्कस्तान जरा फिकं, बाकी जगात इकडंतिकडं शिंतोडे. आता मी नकाशे शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस. इंग्रजीला 'ळ' माहीत नाही. काळे, काले, केल सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबून त्या साइटनं रंग भरला होता, हे मला बघताक्षणी कळलं. पहिल्या वर्षाच्या पोरानं असला नकाशा आणला असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढला असता. पण हा माझ्या आडनावाचा नकाशा होता. त्यामुळं मी त्याच्यावरून सैन्य नेलं.

विजापूरच्या आदिलशाहीचा मूळपुरुष तुर्कस्तानातून आला अशी एक जुनी कथा सांगतात. एवढा मोठा माणूस एकटा थोडाच येईल? बरोबर चार जण आले असतील, त्यात एखादा काले असणारच. विजापूर ते माण, घोड्यावर काही अवघड नाही. तिथं एखादा किल्ला सांभाळला असेल. मग आपल्या लोकांच्या तोंडात 'ल'चा 'ळ' झाला आणि माणच्या उन्हात बिचाऱ्यांचा रंगही आडनावाला शोभेलसा झाला. इतकं सरळ होतं सगळं. त्याच साइटवर खाली एक ओळ होती, की तुर्कस्तानात आडनावं कायद्यानं घ्यायला लावली ती गेल्या शतकात, त्याआधी तिकडं सगळ्यांना अशी आडनावं नव्हतीच. म्हणजे माझ्या घोडेस्वाराचा तिथंच निकाल लागत होता. ती ओळ मी एकदा वाचली आणि बोटानं वर सरकवून टाकली.

पुढचे कित्येक महिने मी माणसांना किल्ला ऐकवत सुटलो. नकाशाचा रंगीत प्रिंट काढला, त्याला लॅमिनेशन केलं. दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, बायकोच्या त्या मावशीला मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. आमच्या भावकीच्या ग्रुपवर टाकलं तर मुंबईतल्या एका पुतण्यानं विचारलं, "काका, मग आता तिकडं जायला व्हिसा लागंल का?" मुलीलाही मी जेवताना ऐकवायचो. ती भाकरी मोडत म्हणायची, "बरं." मला ते कौतुक वाटायचं.

मुलगी द्राक्षांत औषधांचे अंश किती राहिलेत ते तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिथंच तिनं स्वतःचं लग्न ठरवलं. मुलगा चांगला, शांत, लोणंदचा, वडिलांची कांद्याची अडत. आम्हाला नको म्हणायला जागाच नव्हती. फक्त त्याचं आडनाव ऐकून मी आणि बायको एकमेकांकडं बघत राहिलो. आडनाव होतं गोरे.

मुलाकडची माणसं आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा मी मुलाच्या वडिलांना बघून गार पडलो. मी काळा, पण ते माझ्याही दोन पायऱ्या पुढं. सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्यावर मीच जरा उठून दिसत होतो. पण त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. गोऱ्याला नाव शोभत नसलं तरी चालतं, काळ्याला मात्र ते शोभतं म्हणून लोक हसतात. चहा झाला, पोहे झाले, आणि मुलाचा मामा मांडीवर थाप मारून म्हणाला, "चला, काळ्याची पोरगी आता गोरी होनार." खोली हसली. सवयीनं माझे दात आधीच बाहेर आलेले होते. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो आणि वर भर घातली, "क्रीमचा खर्च वाचला म्हणायचा." परत हशा झाला. मुलगी कपबशा गोळा करत होती. ती ट्रे घेऊन आत गेली.

आठवडाभरानं जेवताना ती म्हणाली, "मी लग्नानंतर आडनाव बदलणार नाही. काळेच राहणार."

माझा घास हातात राहिला. मला वाटलं, रुजलं. किल्ला रुजला. बापानं इतके महिने तोंड वाजवलं त्याचं चीज झालं. बायकोनं कपाळाला हात लावला आणि विचारलं, मुलाला सांगितलंस का? त्याला सांगून झालं होतं आणि त्याची ना नव्हती. पण त्याच्या आईच्या मनाला ते फार लागलं. दोन दिवसांत वडिलांचा फोन आला. "सर, जरा येऊन जावा की लोणंदला. समोरासमोर बोललेलं बरं." आवाज गोड होता, पण असा गोड आवाज मोडणाऱ्या लग्नाच्या आधी येतो हे आम्हा दोघांना माहीत होतं. मुलीला विचारलं, एवढं ताणायचं आहे का? ती म्हणाली, लग्न करीन तर त्याच्याशीच, आणि करीन ती काळे म्हणूनच. दोन्हींतलं एक सोडायला तिची तयारी नव्हती. बायको रात्रभर कूस बदलत होती. मी मात्र निवांत होतो, कारण माझ्याकडं नकाशा होता.

आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो. मुलगी खिडकीशी, मी समोर, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत लॅमिनेशन केलेलं जग. सातारा आल्यावर मी बाहेर बोट करून म्हणालो, "तो बघा किल्ला." बायको म्हणाली, "तो टॉवर आहे." टॉवरच होता, किल्ला त्याच्या खाली होता. पण तिचं लक्ष नव्हतं, ती मनातल्या मनात काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक देवाचं. मुलीनं पिशवीकडं बघून विचारलं, "नकाशा कशाला घेतलाय?"

"असू दे."

"पप्पा, तिथं नको हं."

"तू फक्त बघ," मी म्हणालो. माणूस तोंडघशी पडायला निघतो तेव्हा किती खुशीत असतो, हे मला आता चांगलं माहीत आहे.

घर बाजाराच्या मागंच होतं. अंगणात पोती रचलेली, कांद्याचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत. आत मुलगा, त्याचे आईवडील आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई, खाटेवर पाय घेऊन बसलेल्या. पाणी झालं, चहा झाला, पावसाचं बोलून झालं. मग मुलाच्या आईनं पदर सारखा केला आणि विषयाला हात घातला.

"सर, तुमी शिकल्यालं मानूस. मला एवढंच सांगा, आमच्या नावात काय खोट हाय?"

प्रश्न रास्त होता. बाईचा आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. उत्तरही सोपं होतं. नावात काही खोट नाही, पोरीची तशी इच्छा आहे, आणि का ते तिलाच विचारा. शहाण्या माणसानं एवढं बोलून बिस्कीट उचललं असतं. मी पिशवीतून नकाशा काढला आणि टीपॉयवर पसरला.

"विहीणबाई, काळे हे साधंसुधं आडनाव नाही," मी वर्गात लावायचो तो आवाज लावला. मग सगळं काढलं. किल्ला काढला, अरबी शब्द काढला, विजापूर काढलं, घोडे काढले. तुर्कस्तानवर बोट ठेवलं आणि तिथून ते माणपर्यंत ओढत आणलं. मुलगी माझ्याकडं बघत होती, तिनं मान हलवून नको म्हटलं. मला ती दाद वाटली.

माझं संपलं. मग आत्याबाईंनी विचारलं, "ह्ये तुर्कस्तान कुठं आलं?"

"इराणच्या पलीकडं."

"म्हंजी फलटनच्या वाटंला न्हवं."

"नाही, नाही. फार लांब."

मुलाच्या वडिलांनी नकाशा उचलून उलटा-सुलटा बघितला. "म्हंजी सर, तुमी मूळचं हितलं न्हाईसाच म्हना की."

"तसं म्हटलं तर, काही शतकांपूर्वी…"

आत्याबाई खाटेवरनं पाय खाली सोडून बसल्या. "आवं, मग आमाला पालीचा खंडोबा सांगितलासा त्यो?"

"पालीचाच आहे आमचा खंडोबा."

"कवापास्नं? हिकडं आल्यावर धरला व्हय?"

"नाही हो, आधीपासून."

"आधी तर तुमी तिकडं व्हता," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या हिशोबात काही चूक नव्हती. "आन मग लग्नानंतर जागरन-गोंधळ घालायचा, तर तिकडचं बी कोन देव बोलवायला लागंल का? न्हाई, आधी इचारल्यालं बरं. उद्या कोपला तर निस्तरायचं आमच्या पोरानं."

मुलाच्या आईचा चेहरा बघून माझ्या पाचावर धारण बसली. ती आडनावासाठी नाराज होती, आता तिला सोयरीकच शंकेची वाटायला लागली होती. "एवढी मोठी गोष्ट," ती हळू म्हणाली, "आन ती आज सांगताय. आमी कूळ इचारलं तवा न्हाई बोललासा." बायको माझ्याकडं बघत नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती, म्हणजे घरी गेल्यावर माझं काही खरं नव्हतं. जगात सोयरीक मोडायची कारणं पुष्कळ असतील, पण नवरीच्या बापानं स्वतः होऊन आपलं कूळ इराणच्या पलीकडं नेऊन ठेवलं म्हणून मोडलेलं लग्न अजून तरी कुणी बघितलं नसेल.

"तसं काही सिद्ध झालेलं नाही," मी म्हणालो.

"मग सांगितलं कशापायी?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

नकाशा त्यांच्या हातात उलटा होता, आफ्रिका वर, आणि त्यात माझं चाळीस वर्षांचं भूगोलाचं ज्ञान खाली डोकं वर पाय लटकत होतं. मी म्हणालो, "खोटं आहे ते. म्हणजे तिकडं तसं आडनाव आहे, ते खरं. पण आमचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमचं आडनाव इथलंच. काळे म्हणजे काळे. आमचा कुणीतरी खापरपणजोबा रंगानं काळा असेल, गावानं काळा म्हटलं, ते चिकटलं. तेवढंच आहे."

हे वाक्य मी आजवर कधी पुरतं बोललो नव्हतो. दुसरेच बोलायचे, मी फक्त हसायचो.

मुलाच्या वडिलांनी नकाशा खाली ठेवला आणि स्वतःचा हात उलटा करून बघितला. "मग आमच्यात गोरा कोन व्हता म्हनायचा?" ते विचारात पडून म्हणाले. आत्याबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, मुलगा हसला, बायकोही हसली. माझी मुलगी हसली नाही. ती उठून मुलाच्या आईजवळ जाऊन खाली सतरंजीवर बसली.

"काकू, तुमच्या नावात काही खोट नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी आमच्या घरी मामा म्हणाले ना, काळ्याची पोरगी गोरी होणार, त्याचंही मला काही वाटलं नाही. असलं मी बालवाडीपासून ऐकतेय. पण सगळ्यात मोठ्यानं पप्पा हसले. वर म्हणाले, क्रीमचा खर्च वाचला." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "मी लहान असल्यापासून सगळे म्हणतात, बापावर गेलीय. म्हणणारे नावं ठेवायलाच म्हणतात. पण मला ते ऐकायला आवडायचं. मला वाटायचं, पप्पांनाही आवडत असेल. त्या दिवशी कळलं की माझ्याकडून ते 'काळे' जातंय म्हणून त्यांना बरंच वाटतंय. मग मी ठरवलं, आपण नाही सोडायचं. त्यांना नको असलं तरी."

मला वाटत होतं की पोरीनं आडनाव ठेवलं ते माझ्या किल्ल्यासाठी. तिनं ते ठेवलं होतं माझ्या तोंडासाठी, ज्या तोंडापासून पळत मी तुर्कस्तानपर्यंत गेलो होतो. मला रडू येत होतं आणि समोर बिस्किटांची बशी होती, म्हणून मी बिस्किटांकडं बघत राहिलो.

मुलाच्या आईनं बिस्किटांची बशी मुलीपुढं सरकवली. मग म्हणाली, "माजा भाऊ तोंडाचा फाटकाच हाय. त्याचं काय मनावर घिऊ नको." तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "आन सर, तुमी हसलासा?"

"हसलो," मी म्हणालो.

"सोताच्या पोरीला?"

मी मान हलवली. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि त्या नजरेपेक्षा मामाचा विनोद परवडला असता. मग तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "ऱ्हा तू काळेच," ती म्हणाली. "तुमच्या घरात कुनीतरी काळे ऱ्हायला पायजे."

आत्याबाईंना अजून पुरती खात्री नव्हती. जेवायची पानं मांडेपर्यंत त्यांनी मला आणखी एकदा जवळ बोलावून हळूच विचारलं, "पन खंडोबा पालीचाच न्हवं?" मी शपथेवर हो म्हणालो. नकाशा मी तिथंच टीपॉयवर सोडून आलो. निघताना मुलाच्या वडिलांनी विचारलं, "सर, ह्ये न्यायचं न्हाई?" मी म्हटलं, राहू दे, पोत्यावर झाकायला होईल.

परतीच्या गाडीला अवकाश होता. बायको फलाटावरच्या नळावर बाटली भरायला गेली आणि तिथं ओळख काढून एका बाईशी बोलत उभी राहिली. लग्न ठरल्याचं सांगत असणार, तिचे हात तसे हलत होते. मी आणि मुलगी बाकावर बसलो. आयुष्यभर बडबड करून पोट भरलेला माणूस मी, पण शब्द सापडत नव्हता.

तीच म्हणाली, "पप्पा, त्या साइटवर तुम्ही कारा शोधलंत का कधी?"

"कारा कोण?"

"ते पण तुर्की आडनाव. कारा म्हणजे काळा." तिनं फोन पुढं केला. तसाच नकाशा होता, फक्त या वेळी तुर्कस्तान या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च रंगलेलं होतं. "तिकडं आडनावं घ्यायचा कायदा आला ना, तेव्हा बऱ्याच जणांनी आपली आपण निवडली. सिंह मिळत होतं, पोलाद मिळत होतं, तुमचा किल्लाही मिळत होता. तरी इतक्या घरांत काळा."

मी नकाशा बघत राहिलो. कुणी जबरदस्ती केली नसताना, समोर सिंह असताना माणसं काळा घेऊन घरी गेली होती. "हे आधी का नाही दाखवलंस?" मी विचारलं.

"तुम्हीच शोधाल असं वाटलं. वाट बघत होते."

समोरच्या रुळावरून मालगाडी जायला लागली आणि ती जाईपर्यंत काही बोलता येईना. त्याचं मला बरंच वाटलं. ती गेल्यावर एखादं मोठं वाक्य बोलावं असं मनात आलं होतं, पण मोठी वाक्यं त्या दिवशीपुरती संपली होती. मी एवढंच म्हणालो, "तू काळी आहेस. अगदी माझ्यासारखी."

तिनं फोन पर्समध्ये ठेवला. मग माझा हात ओढून मांडीवर घेतला, स्वतःचा हात त्याला लावून ठेवला आणि उन्हात नीट निरखून बघितलं. कामावर नमुने तपासताना बघत असेल तसं.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा मी जरा उजळच आहे."

मीही बघितलं. खरंच होती. आणि देवाशप्पथ सांगतो, मला वाईट वाटलं.